पुसलेले तीन तुकडे

वैशाली, तू गेल्याच्या सातव्या दिवशी सुजातानं माझ्या हातात वहीचा कागद दिला. म्हणाली, मावशी, आईबद्दल चार ओळी लिहा, पुण्यानुमोदनाच्या दिवशी पुस्तिका वाटायची आहे. बाकीच्यांनी काय लिहिलं ते मी आधी बघितलं. तुझ्या भावानं लिहिलंय की तू मनमिळाऊ होतीस. तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणीनं लिहिलंय की तू कधी कुणाला उलटून बोलली नाहीस. मी दोन्ही कागद परत दिले. तुझ्याबरोबर एका लॅबमध्ये मी चौदा वर्षं काढली. तू मनमिळाऊ नव्हतीस. आणि उलटून तर तू मला रोज बोलायचीस, मीही तुला.

चार ओळींत माझं भागणार नाही. मला जे लिहायचं आहे ते वाचून तुझी पोरगी ते छापेल की नाही, माहीत नाही. पण दुसरं काही लिहायला बसले की हात पुढं सरकत नाही.

मी वाटूरची, मराठ्याच्या घरातली. तू आष्टीची, बौद्ध वस्तीतली, घरातली पहिली बी.एस्सी. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यामागं आपली तीन खोल्यांची लॅब. पाणी, दूध, मिरची पावडर, काय काय तपासायला यायचं. तू तपासायचीस, मी काचसामान धुवायचे. पहिल्या वर्षी चहासाठी मी घरून माझा कप आणायचे. कशासाठी ते तुला कळत होतं, आणि तुला कळतंय हे मला कळत होतं. एक दिवस कापसाच्या काडीनं माझ्या तळहाताचा नमुना घेतलास, मग तुझ्या तळहाताचा. दोन दिवसांनी जंतू वाढवायच्या दोन काचेच्या प्लेटा माझ्यासमोर ठेवल्यास.

"ओळखा मावशी. तुमचा हात कोणता अन् माझा कोणता?"

दोन्हींवर सारखेच पिवळे पांढरे ठिपके उठलेले. मला ओळखता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कप घरी राहिला. त्यावर आपण परत कधी बोललो नाही. मी माफी मागायला पाहिजे होती. नाही मागितली.

ठिपके मोजायला तूच शिकवलंस. एकेक ठिपका म्हणजे एक गाव, असं तू सांगायचीस. काल तिथं एकच जंतू येऊन बसला होता, आज त्याचं गाव वसलं. धुतलेल्या बाटल्यांची नोंदही तू मलाच करायला लावलीस. चौथीनंतर मी पेन धरला नव्हता. मी म्हणाले, अक्षर वाईट आहे. तू म्हणालीस, अक्षर बघायला कोण येऊन राह्यलंय, आकडा बराबर पाहिजे. आज हे लिहिता येतंय ते त्या रजिस्टरमुळं.

आणि एक नियम तू माझ्या डोक्यात खिळ्यासारखा ठोकलास. टेबलावर जे येईल ते पुसून. टेबल पुसायचं निळं औषध असायचं, बादलीला दोन झाकणं. त्या औषधाचं फडकं दिवसभर माझ्या हातात. तुझ्यापेक्षा मीच तो नियम जास्त पाळला. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दोन वर्षांपूर्वी ते पांढरे पॅनल आले. प्लास्टिकचे, दवाखान्याच्या भिंतीला टाइलच्या जागी लावायचे. त्यात चांदीचं काहीतरी मिसळलेलं, आणि त्यामुळं भिंतीवर बसलेले जंतू आपोआप मरतात, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं. ते खरं आहे का, एवढंच आपण बघायचं होतं. बिस्किटाएवढे चौकोनी तुकडे कापले. तीन चांदीवाले, तीन साध्या प्लास्टिकचे. प्रत्येकावर जंतूंच्या पाण्याचा थेंब टाकायचा, थेंब पसरावा म्हणून वरून पातळ पापुद्रा ठेवायचा, एक दिवस उबेत ठेवायचं. मग तो थेंब धुऊन प्लेटवर घ्यायचा आणि किती ठिपके उठतात ते मोजायचं. साध्यावर उठले आणि चांदीवाल्यावर उठले नाहीत, तर माल खरा.

तू सहाही तुकडे स्पिरिटनं पुसून वाळत ठेवलेस आणि चहाला गेलीस. मी टेबल पुसत पुसत तिथं आले. साधे तुकडे कागदाखाली झाकलेले होते. चांदीवाले उघडे. त्यांच्यावर चिकटवून आलेली प्लास्टिकची झिल्ली काढताना कडेला डिंक राहिला होता, एकावर बोटाचा ठसा होता. हातात फडकं होतंच. तिन्ही लख्ख पुसले, होते तसे ठेवले आणि पुढं गेले. तुला सांगण्यासारखं काही केलं असं मला वाटलंच नाही. जेवायला वाढण्याआधी ताट पुसतो, ते काय कुणाला सांगतो?

दोन दिवसांनी तू मला हाक मारून प्लेटा दाखवल्यास. साध्या तुकड्यांच्या प्लेटांवर ठिपकेच ठिपके. चांदीवाल्या तिन्ही प्लेटा कोऱ्या. तू इतकी खूश होतीस. म्हणालीस, असा रिझल्ट बघायला मिळत न्हाई मावशी. रिपोर्ट गेला, खाली तुझी सही. पॅनलवाल्यांनी मिठाईचा डबा पाठवला. त्यातले चार पेढे मी नातवंडांना नेले.

सात महिन्यांनी दुसरा माल आला. तेव्हा मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. तू एकटीनं सगळं केलंस आणि या वेळी चांदीवाल्या प्लेटाही ठिपक्यांनी भरल्या. साध्या आणि चांदीवाल्या, काही फरक नाही. तुला वाटलं, तुझंच काही चुकलं. तू परत केलंस. तिसऱ्यांदा केलंस. मी काळा चष्मा लावून कामावर आले तेव्हा तुझं तोंड उतरलेलं होतं. स्टुलावर बसवून तू मला विचारलंस, मागच्या खेपेला त्या तुकड्यांना तुम्ही हात लावला होता का?

"हात लावला म्हंजे? पुसले."

"कशानं?"

"निळ्यानं. डिंक होता त्याच्यावर. तुला दिसला न्हाई, मला दिसला."

तू दोन्ही हातांनी कपाळ धरलंस. मला वाटलं तुझं बीपी वाढलं. मग उठलीस, साध्या प्लास्टिकचे तीन तुकडे घेतलेस, माझ्या हातात दिलेस आणि म्हणालीस, त्या दिवशी पुसले तसे पुसा. मी पुसले. दोन दिवसांनी त्या साध्या तुकड्यांच्या प्लेटा कोऱ्या निघाल्या. स्पिरिट उडून जातं, निळं औषध बसून राहतं, असं तू मला समजावलंस. चांदीचा त्यात काही संबंधच नव्हता.

"भिंत न्हाई मारत, मावशी. तुमचं फडकं मारून राह्यलंय."

असं म्हणून तू हसलीस. मग मीही हसले. डोळ्यामुळं हसायची मनाई होती, तरी हसले. त्या लॅबमध्ये आपण एकत्र हसलो ते तेवढंच शेवटचं.

तू लॅबच्या साहेबांकडं गेलीस. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी होते, सगळं ऐकलं. साहेब वाईट माणूस नाहीत. माझ्या नवऱ्याच्या मातीला ते आले होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, पॅनल भिंतींना लागून गेले, आता आपला रिपोर्ट चुकला म्हटलं तर उद्या लोक आपल्याकडं पाणीसुद्धा तपासायला पाठवणार नाहीत. मग म्हणाले, "पहिल्या वेळी केलं तसंच करा ना मॅडम. मावशींना पुसू द्या." तू नाही म्हणालीस. ते म्हणाले, बरं, मग हा माल आपण परत पाठवू, त्यांनी दुसरीकडं तपासावा. पहिला रिपोर्ट आहे तसा राहील. त्यांच्यापुरतं संपलं.

तुझ्यापुरतं संपलं नाही. तू पत्र लिहिलंस. पॅनलवाल्यांना एक, ते पॅनल लावलेल्या दवाखान्याला एक. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता मला वाचून दाखवलंस. नमुने तपासणीआधी चुकून जंतुनाशकानं पुसले गेले, असं त्यात होतं. मी विचारलं, कुणी पुसले ते लिहिलं का? नाव घातलं न्हाई, असं तू म्हणालीस. मी म्हणाले, पण विचारतील. तू म्हणालीस, विचारतील तेव्हा सांगू, टेबल सोडून चहाला मी गेल्ते, चूक माझी आहे.

मला ते ऐकायचं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की साहेब मला घरी बसवतील. मुलाच्या दोन खोल्यांत सून असते, तिची आई असते, टीव्ही असतो. तिथं दिवसभर कोपऱ्यात बसून कुणीतरी जेवायला हाक मारील याची वाट बघायची. सकाळी नऊला लॅबला निघाले की मी माणूस असायचे. म्हणून मी जे बोलले ते बोलले. तू विसरली नसशील, मीही नाही.

"तू हे पाठवलंस तर मी सांगीन, मी पुसलंच न्हाई. मंग सही बी तुझी, अन् खोटं बी तुझं."

तू माझ्याकडं बघत राहिलीस. रागानं बघितलं असतंस तर मी भांडले असते. तू पत्राची घडी घातलीस आणि डबा उघडलास. दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात ते पत्र फाडलेलं सापडलं. कचरा मीच टाकते, हे तुला माहीत होतं. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं.

त्यानंतरचं दीड वर्ष कसं गेलं ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. बाहेरचे जंतू आत येऊ नयेत म्हणून त्या खोलीच्या खिडक्यांना कायमची चिकटपट्टी लावलेली. कारखान्याची काजळी बाहेरून काचेवर बसायची आणि पुसायला हात पोचायचा नाही. आत आपण दोघी. तू तुकडा पुसायचीस आणि वाळेपर्यंत त्याच्याजवळ उभी राहायचीस. चहा बंद केलास. मी म्हणायचे, बाथरूमला तरी जाऊन ये, मी हात लावत न्हाई. तू म्हणायचीस, भरोसा न्हाई तुमचा. चेष्टेनं म्हणायचीस, पण जायची नाहीस. ना तुला नोकरी सोडता येत होती, ना मला. सुजाताचं कॉलेज चालू होतं, तिचे वडील जाऊन सहा वर्षं झालेली. एकमेकींना टाळायचं तर जागा नव्हती आणि बोलायचं तर तोंड नव्हतं.

एक मला अजून उमगलेलं नाही, आणि हे भांडण मी तुझ्याशी शेवटपर्यंत भांडणार आहे. चौदा वर्षांत तू माझं काही ऐकलं नाहीस. बीपीची गोळी वेळेवर घे म्हटलं, ऐकलं नाहीस. पाय सुजलेत, दाखवून ये म्हटलं, ऐकलं नाहीस. तेवढं एकच का ऐकलंस? पाठवून द्यायचं होतंस. मी खोटं बोलले असते, चार दिवस नाचले असते, पाचव्या दिवशी गप बसले असते. मला सांभाळायला तुला कुणी सांगितलं होतं?

मग तुझ्या किडन्या गेल्या. दवाखान्यात तुला भिंतीकडचा पलंग मिळाला. तू आडवी झालीस, मान वळवलीस, भिंतीवरून नख फिरवलंस आणि म्हणालीस, आपलाच माल आहे, मावशी. मी म्हणाले, कशावरून? तू डोळ्यांनी दार दाखवलंस. दाराशी काचेच्या चौकटीत एक कागद टांगलेला होता. मी चष्मा लावून वाचला. आपलाच पहिला रिपोर्ट, कोपऱ्यात खाली तुझी सही.

पलंगाच्या उशाशी, माणसं टेकून बसतात तिथं, भिंतीवर तेलकट पट्टा पडला होता. त्याच्या वर खोकल्याचे वाळलेले शिंतोडे. फरशी पुसायला येणारी छबूबाई फरशी चांगली पुसायची, भिंतीला फडकं लावायची नाही. मी तिला विचारलं तर म्हणाली, ह्या भिंती धुवायच्याच न्हाईत आजी, आपोआप साफ होतात, कागद लावलाय ना तिथं. तिचं काही चुकत नव्हतं. तिला जे सांगितलं ते ती करत होती. मीही तेच केलं होतं.

मी घरून फडकं आणि साबणाचं पाणी आणायला लागले. येताजाता तुझ्या उशाची भिंत पुसायचे. दोन दिवस तू बघितलंस. तिसऱ्या दिवशी दुपारी माझं मनगट धरलंस. तुझ्या हातात तेवढं बळ कुठून आलं कोण जाणे.

"पुसू नका मावशी. सांगा."

मी म्हणाले, आता सांगू? सही तुझी आहे त्याच्यावर.

"मंग सहीसकट सांगा."

मी हो म्हणाले नाही. मी म्हणाले, झोप. चादर पायावर घातली आणि बादली ओतायला गेले. दोन दिवसांनी तुला आयसीयूत, मशीनच्या खोलीत हलवलं आणि तिथून तू परत आली नाहीस. मी हो म्हणेन म्हणून तू वाट बघितलीस का, तेही मला माहीत नाही, कारण मी परत तुझ्या डोळ्यांकडं बघितलंच नाही.

भिंतीनं तुला मारलं असं मी म्हणणार नाही. किडन्या आधीच गेल्या होत्या, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. शेवटी ताप आला, तो कशाचा ते कुणी सांगू शकलं नाही. कशाचाही असेल. पण कशाचाही असेल म्हणजे त्या भिंतीचाही असेल, आणि ते आता कुठल्याही प्लेटवर मोजता येणार नाही.

नवव्या दिवशी मी सुजाताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आई असं करणार न्हाई. मी म्हणाले, तिनं न्हाई केलं, मी तिला बोलू दिलं न्हाई. मग ती चिडली. आई गेल्यावर आता हे उकरून काय मिळणार, लोक तिच्या नावाला बोल लावतील, असं बरंच बोलली. मी ऐकून घेतलं, कारण तेच सगळं माझं स्वतःला सांगून झालं होतं. ती आत गेली, भांडी आपटली. मग चहा घेऊन आली. माझ्यासमोर कप ठेवला आणि विचारलं, आईची सही त्याच्यावरून काढता येत न्हाई का? मी म्हणाले, न्हाई. ती खाली बसली. तुझ्यासारखीच बसते, पाय पोटाशी घेऊन. शेवटी म्हणाली, जा मावशी, पण तुमचं नाव आधी सांगा, आईचं नंतर.

काल मी दवाखान्यात गेले. मोठ्या साहेबांना भेटायला दीड तास बसले. त्यांनी आदरानं खुर्ची दिली, आजी म्हणाले, पॅड काढून लिहायला लागले. मी तुकड्यांपासून सांगितलं. त्यांनी मध्ये विचारलं, तुम्ही लॅबमध्ये कोणत्या पदावर होता? मी म्हणाले, काचसामान धुवायचे. त्यानंतर त्यांचा पेन थांबला. म्हणाले, तुमच्याकडं काही कागद आहे का? मी म्हणाले, कागद तुमच्या दाराशी टांगलाय, तोच खोटा आहे. ते म्हणाले, बघतो आम्ही. मी तिथंच बसून त्यांच्याकडून कोरा कागद मागून घेतला, सगळं लिहिलं, सही केली, त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी त्याच्यावर पेपरवेट ठेवला. पुढं काय होईल, मला माहीत नाही. लॅबच्या साहेबांच्या कानावर गेलं की उद्या मला लॅबमधून काढतील, ते नक्की.

बाहेर पडायचं तर वॉर्डावरूनच जावं लागतं. तुझ्या पलंगावर एक म्हातारी होती, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपलेली. छबूबाई फरशी पुसत होती. मी तिला बाजूला घेतलं आणि परत पहिल्यापासून सांगायला लागले. डिंक, बोटाचा ठसा, निळं औषध. तिनं मध्येच विचारलं, म्हंजे तुम्ही बी पुसणाऱ्याच का? मी हो म्हणाले. तेवढ्यावर तिचा विश्वास बसला. मोठ्या साहेबांचा बसला नव्हता.

ती भिंतीपाशी गेली, तेलकट पट्ट्यावर बोट ओढलं आणि बोट उजेडात धरून बघितलं.

"पण सुपरवायझर इचारतील, भिंती धुवायला कुणी सांगितलं म्हनून. त्यास्नी काय सांगू?"

मी माझं नाव सांगितलं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट. तिनं ते दोनदा पुटपुटून पाठ केलं. मग दाराकडं बघून म्हणाली, अन् त्या कागदावर सही केलेल्या बाई काय म्हनतील?

"त्यांनीच पाठवलंय मला," मी म्हणाले, आणि तुझं नाव सांगितलं.